अळिंबीच्या खाद्य जाती : ओळख, साठवण व पाकक्रिया

पावसाळा स्थिरावला की वसई तालुक्याच्या पूर्वेकडील तुंगारेश्वरच्या डोंगरपट्टीतून आदिवासी भगिनी रानभाज्यांबरोबर रानअळंबीही बाजारात विक्रीस आणतात. पश्चिमेकडील निर्मळ, वाघोली, भुईगाव, गास या वाडीपट्ट्यातील घरांत ती आवडीने घेतली जाते. त्याच दिवसांत वाडीतल्या कुजक्या खोडांवर, शेणखताच्या ढिगांवर आणि अंगणातील गवतात नाना आकारांच्या छत्र्या उगवलेल्या दिसतात. शिवाय शहरातील दुकानांत पांढऱ्या बटन अळिंबीची पाकिटे बारमाही मिळतात. या तिन्ही वस्तूंना आपण सरसकट ‘अळंबी’ म्हणतो. नाव एक असले तरी वस्तू मात्र एक नव्हे. यांपैकी काही उत्तम अन्न आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही प्राणघातक आहेत.

प्रस्तुत पाठाचा मुख्य मुद्दा असा की, अळिंबी हाती आल्यावर प्रथम तिची जात निश्चित करावी. ती खावी किंवा नाही, किती तासांत शिजवावी आणि कशा रीतीने शिजवावी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जातीवरच अवलंबून असतात. जात ठाऊक नसेल तर ती अळिंबी अन्न म्हणून हाती घेऊच नये.

अळिंबी म्हणजे काय?

अळिंबी ही बुरशीवर्गातील वस्तू आहे. हिरव्या वनस्पतींप्रमाणे तिला सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. कुजणारा पेंढा, लाकूड, पालापाचोळा किंवा शेणखत यांत तिचे पांढरे तंतू पसरतात व त्यांतील अन्नांश शोषून घेतात. आपण जी छत्री पाहतो ते या बुरशीचे केवळ फळ होय. छत्रीच्या खालच्या बाजूस पातळ पडद्यांच्या रांगा असतात. त्यांवर अतिसूक्ष्म बीजाणू तयार होतात व वाऱ्याबरोबर पसरतात. बीजाणूंचा रंग ही जात ओळखण्याची एक महत्त्वाची खूण आहे.

कोकणात हिला अळंबी, गोव्यात अळमी, तर विदर्भाच्या काही भागांत सात्या किंवा टेकोडे म्हणतात. खाण्यास अयोग्य अशा प्रकारांस ‘कुत्र्याची छत्री’ म्हणण्याचा प्रघात आहे. कृषी खात्याच्या लिखाणात ‘अळिंबी’ हा शब्द रूढ असल्याने येथे तोच वापरला आहे.

अन्न म्हणून योग्यता

ताज्या अळिंबीत वजनाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते. प्रथिनांचे प्रमाण ताज्या मालात सुमारे ३ टक्के, तर वाळलेल्या मालात जातीपरत्वे २० ते ३० टक्के असते. तूरडाळीत ते सुमारे २२ टक्के असते. सबब ‘अळिंबी डाळीची किंवा मांसाची जागा पूर्णपणे घेते’ असा प्रचार कार्यकर्त्यांनी करू नये. अळिंबी ही भाजी आहे, परंतु भाज्यांत तिची प्रथिने चांगल्या प्रतीची असतात. स्निग्धांश अत्यल्प असून तंतुमय भाग, पोटॅशियम व ब-गटातील जीवनसत्त्वे तीत आढळतात. अळिंबीतील अर्गोस्टेरॉल या घटकापासून सूर्यप्रकाशात ड-जीवनसत्त्व तयार होते, म्हणून काढलेली अळिंबी शिजविण्यापूर्वी थोडा वेळ उन्हात ठेवणे लाभदायक असते.

लागवडीखालील प्रमुख जाती

१. धिंगरी. शिंपल्यासारख्या आकाराची ही अळिंबी झुबक्यांनी येते. करड्या रंगाची साजोर-काजू, पांढरी फ्लोरिडा व गुलाबी असे हिचे प्रकार प्रचलित आहेत. भाताच्या पेंढ्यावर ती सहज येते व तिला खास खत तयार करावे लागत नाही. फ्लोरिडास थोडा गारवा मानवतो, साजोर-काजू अधिक उष्मा सोसते, तर गुलाबी प्रकार कोकणच्या उबदार हवेतही येतो. गुलाबी प्रकार मात्र फार लवकर खराब होतो. स्वयंपाकात धिंगरीची छत्री मऊ व देठ चिवट असल्याने दोहोंचा उपयोग निरनिराळा करावा.

२. बटन अळिंबी. जगभर सर्वाधिक परिचित असलेली ही पांढरी, गोल अळिंबी होय. हिला विशेष रीतीने कुजविलेले खत लागते. तंतूंच्या वाढीसाठी २२ ते २५ अंश सेल्सिअस व फळधारणेसाठी १४ ते १८ अंश तापमान आवश्यक असते. वसईच्या दमट किनाऱ्यावर थंड यंत्रणेवाचून ती पिकविणे परवडत नाही. चव सौम्य असल्याने ती रस्सा, पुलाव व सार यांत उत्तम मिसळते. कापल्यावर ती हवेने लवकर काळवंडते.

३. पेंढा अळिंबी. ही उष्ण हवेची जात असून ३० ते ३५ अंश तापमानात वाढते. भारतात हिची शास्त्रीय लागवड सर्वप्रथम कोइमतूर येथे १९४३ च्या सुमारास झाली. कोवळेपणी ती अंड्याच्या आकाराची असते व त्याच अवस्थेत काढली जाते. चव व सुगंध उत्कृष्ट, परंतु टिकाऊपणा नाही. सकाळी काढलेला माल सायंकाळपर्यंत शिजवावा. अतिथंड कपाटात ठेवल्यास ती पाणी सोडून गळून जाते, हे इतर जातींहून वेगळे लक्षण ध्यानात ठेवावे.

४. दुधी अळिंबी. शुभ्र, जाड व भरीव देठाची ही भारतीय जात आहे. पश्चिम बंगालमधील नमुन्यांवरून १९७४ मध्ये हिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले व पुढे तमिळनाडू कृषी विद्यापीठाने हिचा ‘एपीके-२’ हा वाण १९९८ मध्ये लागवडीस दिला. ३० ते ३५ अंश तापमान मानवत असल्याने कोकणच्या उन्हाळ्यात ही उपयुक्त ठरते. हिच्या वाफ्यावर मातीचा पातळ थर द्यावा लागतो. गर घट्ट असल्याने ती इतर जातींपेक्षा अधिक टिकते व लोणच्यास आणि तळणीस योग्य आहे.

५. शिटाके. लाकडावर किंवा लाकडाच्या भुशावर वाढणारी ही पूर्व आशियातील जात मुख्यतः वाळवलेल्या स्वरूपात बाजारात येते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वापरावी. भिजविलेले पाणी गाळून सारात घालावे, कारण बराच स्वाद त्यात उतरतो. ही जात अर्धकच्ची खाल्ल्यास काहींच्या अंगावर पुरळ उठते, म्हणून पूर्ण शिजवावी.

हिमालयातील गुच्छी या रानातील जातीचे नाव भारी किमतीमुळे सर्वश्रुत आहे. ती वाळवलेलीच येते. तीही कधी कच्ची खाऊ नये.

रानातील अळिंबी

आपल्या भागातील रानअळिंबीत सर्वाधिक प्रसिद्ध ती वारुळावरची. वाळवी आपल्या वारुळात एका बुरशीची बाग करते व पावसाळ्यात त्या बागेतून अळिंबी वर येते. तिच्या छत्रीच्या मध्यभागी बहुधा टोकदार उंचवटा असतो व देठ जमिनीखाली मुळासारखा लांबत वारुळापर्यंत पोचलेला असतो. बीजाणू फिकट गुलाबी असतात. गोव्यात हीच अळमी श्रावणातील शाकाहाराच्या दिवसांत तोणाक व शाकुती या पदार्थांसाठी मोठ्या आवडीने घेतली जाते. आपल्याकडे तिची व्यापारी लागवड होत नाही. वारुळ खणून उकरल्यास पुढील वर्षांचे उत्पन्न बुडते. गोव्यात वनखात्याने अभयारण्यांतून ही अळमी काढण्यास मनाई केलेली आहे. तुंगारेश्वर हेही २००३ पासून अभयारण्य आहे, हे निर्मळ परिसरातील हौशी मंडळींनी ध्यानात घ्यावे.

रानअळिंबी ओळखणाऱ्या आदिवासी भगिनींचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे व ठराविक जागांशी निगडित असते. कोणते वारुळ, कोणता आठवडा, कोणता वास, हे सर्व त्यांना माहीत असते. पुस्तकातील चित्र पाहून किंवा एखादी खूण ऐकून हे ज्ञान प्राप्त होत नाही. म्हणून या पाठात रानअळिंबी ओळखून खाण्याची शिकवण दिलेली नाही. येथे केवळ धोका ओळखण्यापुरते विवेचन केले आहे.

विषारी प्रकार फसवे का ठरतात?

पहिले उदाहरण पांढऱ्या रंगाच्या मोठ्या छत्रीचे. पावसानंतर हिरवळीवर व अंगणात ती उगवते. कोवळेपणी तिचे पडदे पांढरे असतात, परंतु पक्व होताच हिरवट करडे होतात. दिसण्यास ती खाद्य अळिंबीसारखी गुबगुबीत असते, पण खाल्ल्यास एक ते तीन तासांत तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अमानिता वर्गातील काही जाती प्राणघातक आहेत. त्यांचे पडदे व बीजाणू पांढरे, देठावर वलय व बुडाशी पिशवी असते. पेंढा अळिंबीच्या बुडाशीही अशीच पिशवी असते. अशा साम्यामुळे आग्नेय आशियातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही कुटुंबांनी आपल्या देशातील पेंढा अळिंबी समजून तेथील अमानिता खाल्ल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. दोहोंतील एक भेद बीजाणूंच्या रंगात आहे. पेंढा अळिंबीचे बीजाणू गुलाबी असतात. तथापि कोवळ्या, न उमललेल्या अवस्थेत हा भेद दिसतच नाही. आपल्या देशातही आसामात एप्रिल २०२२ मध्ये रानातील विषारी अळिंबी खाल्ल्याने १३ माणसे दगावली. त्यांत चहामळ्यांतील कुटुंबांचा भरणा होता. ही माणसे रान न ओळखणारी होती असे म्हणता येत नाही. सवय असलेल्या माणसाचाही डोळा फसतो, हाच यातील बोध होय.

बीजाणूंचा ठसा घेण्याची रीत कार्यकर्त्यांनी अभ्यासासाठी शिकून घ्यावी. उमललेल्या छत्रीचा देठ कापावा, अर्धा पांढरा व अर्धा काळा असा कागद घेऊन छत्री पडद्यांची बाजू खाली करून त्यावर ठेवावी आणि वर पेला उपडा घालावा. दुसऱ्या दिवशी कागदावर बीजाणूंचा रंग उमटलेला दिसतो. नमुना हाताळल्यावर हात धुवावेत. हा ठसा जात ओळखण्यास साहाय्य करतो, परंतु एवढ्या एका खुणेवर अळिंबी खाद्य ठरवू नये.

खोट्या परीक्षा

खेडोपाडी अनेक परीक्षा सांगितल्या जातात. त्यांपैकी एकही विश्वसनीय नाही.

(अ) शिजताना चांदीचे नाणे, लसूण किंवा तांदूळ काळा पडला नाही तर अळिंबी निर्विष असते, हा समज चुकीचा आहे. अमानितातील विषाने यांपैकी काहीही काळे पडत नाही.

(आ) किडे, गोगलगाय किंवा गुरे खातात म्हणून माणसालाही चालते, हा समज चुकीचा आहे. त्यांची शरीररचना भिन्न असते.

(इ) छत्रीची साल सुटली म्हणजे खाद्य, हा समज चुकीचा आहे. विषारी प्रकारांची सालही सुटते.

(ई) पांढरी ती चांगली व रंगीत ती वाईट, हा समज चुकीचा आहे. प्राणघातक जातींपैकी काही शुभ्र आहेत.

(उ) उकळून पाणी टाकले, मीठ किंवा चिंच घातली की विष जाते, हाही समज चुकीचा आहे. अमानितातील विष शिजविल्याने, वाळविल्याने किंवा आंबटाने नष्ट होत नाही.

विषबाधेची लक्षणे व उपाय

अळिंबी खाल्ल्यावर दोन-तीन तासांत उलट्या झाल्या तर त्रास मोठा वाटतो. परंतु सहा तासांनंतर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी, उलट्या-जुलाब सुरू होणे हे अधिक भयावह चिन्ह आहे. अशा रोग्यास एक दिवसाने बरे वाटू लागते. घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु त्या अवधीत यकृताचा नाश चालू असतो व तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, ग्लानी व शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसतात. म्हणून बरे वाटले तरी रुग्णालयातून परत आणू नये.

अळिंबीची शंका येताच १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी किंवा रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा खटाटोप करू नये. उरलेली भाजी, निवडताना टाकलेले तुकडे व शक्य असल्यास न शिजवलेला नमुना कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे द्यावा. त्याच पंक्तीत जेवलेल्या सर्वांना, लक्षणे नसली तरी, बरोबर न्यावे. खाल्ल्याची वेळ लिहून ठेवावी. या एका आकड्यावरून डॉक्टरांस पुष्कळ कळते.

घरच्या वापरासाठी धिंगरी

धोका टाळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ज्ञात बियाण्यापासून घरीच अळिंबी पिकविणे. निर्मळसारख्या वाडीच्या गावी धिंगरी ही सर्वांत सोयीची जात आहे. पूर्व पट्ट्यात भाताचा पेंढा मिळतो व केळीच्या वाड्यांत वाळलेली पानेही विपुल असतात. स्वच्छ, न कुजलेला व कीटकनाशकाचा अंश नसलेला पेंढा निवडावा. केळीची वाळकी पाने त्यात काही प्रमाणात मिसळून पाहण्यास हरकत नाही, मात्र पहिल्या खेपेस केवळ पेंढ्यावरच अनुभव घ्यावा.

पेंढ्याचे ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे करून १० ते १२ तास स्वच्छ पाण्यात भिजवावेत. नंतर ८० अंश तापमानाच्या गरम पाण्यात सुमारे १ तास बुडवून ठेवावेत व निथळावेत. मूठ दाबली असता थेंब पडू नयेत, परंतु तळहात ओलसर व्हावा, इतपत ओल ठेवावी. थंड झालेला पेंढा ३५ × ५५ सेंटिमीटरच्या प्लास्टिक पिशवीत थराथराने भरावा व प्रत्येक थरावर कडेने बियाणे पसरावे. बियाण्याचे प्रमाण ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे ३ किलोस ६० ग्रॅम ठेवावे. पिशवीचे तोंड बांधून २५ ते ३० बारीक छिद्रे पाडावीत व ती अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत ठेवावी.

१५ ते २० दिवसांत पेंढा पांढऱ्या तंतूंनी भरून जातो. मग पिशवी कापून काढावी, वाफा मांडणीवर ठेवावा किंवा टांगावा. खोलीत मंद उजेड व खेळती हवा असावी व दिवसातून दोन-तीन वेळा पाण्याचा बारीक फवारा देऊन हवेतील आर्द्रता ८० ते ९० टक्के राखावी. थोड्याच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात व आणखी तीन ते पाच दिवसांत अळिंबी काढणीस येते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन बहार मिळतात. चांगल्या निगराणीत १ किलो वाळलेल्या पेंढ्यापासून अर्धा ते एक किलो ताजी धिंगरी मिळते. उरलेला पेंढा खतात घालून केळी व भाजीपाल्यास द्यावा.

वाफ्यावर हिरवी किंवा काळी बुरशी दिसल्यास तो वाफा त्वरित दूर करावा. कधी कधी वाफ्यावर लांब देठाच्या, बारीक टोपीच्या छत्र्या उगवतात व काही तासांत काळ्या शाईसारख्या विरघळतात. त्या धिंगरी नव्हेत. वाफा आपला असला तरी त्यावर उगवलेले सर्वच आपण पेरलेले असते असे नाही. त्या उपटून पुराव्यात. खोलीत काम करताना नाकातोंडास फडके बांधावे, कारण धिंगरीचे बीजाणू श्वासावाटे गेल्यास खोकला व दमा जडण्याचा संभव असतो.

बियाणे कृषी विद्यापीठाकडून किंवा माहितीच्या प्रयोगशाळेतून घ्यावे. राष्ट्रीय अळिंबी संशोधन केंद्र हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ मध्ये स्थापन झाले व २००८ मध्ये त्यास संचालनालयाचा दर्जा मिळाला. त्याच्या अखिल भारतीय संशोधन योजनेचे एक केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आहे. पालघर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मार्गदर्शनासाठी डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ येथे चौकशी करावी.

काढणी, साठवण व वाळवण

धिंगरीच्या कडा वर वळण्यापूर्वी झुबका पिळून अलगद काढावा. कडा वळल्या की ती चिवट होते व बीजाणू उडू लागतात. काढण्यापूर्वी फवारा देऊ नये, कारण ओली अळिंबी लवकर सडते. वसईच्या दमट हवेत धिंगरी उघड्यावर जेमतेम एक दिवस टिकते. छिद्रे पाडलेल्या पिशवीत शीतकपाटात ठेवल्यास तीन ते पाच दिवस राहते. चिकट, आंबूस वासाची किंवा पिवळट पाणी सुटलेली अळिंबी जात खाद्य असली तरी टाकून द्यावी.

शेजारच्या आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. सोललेली केळी उन्हात वाळविण्याची ही कला या परिसरात मुरलेली असल्याने धिंगरी वाळविणे येथील भगिनींस अवघड जाऊ नये. झुबके सोडवून, जाळीवर एकेरी थरात, वर पातळ फडके घालून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात हे साधत नाही. तेव्हा ४० ते ४५ अंश उष्णतेचे वाळवणी यंत्र वापरावे. १० किलो ताज्या मालापासून सुमारे १ किलो वाळलेला माल मिळतो. तुकडा मोडताना कट्‌ असा आवाज आला म्हणजे वाळवण पूर्ण झाली असे समजावे व हवाबंद डब्यात भरावा. वाळलेला माल किंवा लोणचे विक्रीस काढावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी.

शिजविण्याचे सामान्य नियम

१. अळिंबी पाण्यात भिजत घालू नये. वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन लगेच फडक्याने टिपावी.
२. पातेले रुंद असावे व आच प्रथम मोठी ठेवावी. अळिंबी आपले पाणी सोडते. ते आटेपर्यंत झाकण घालू नये, अन्यथा ती परतली न जाता उकडते व रबरासारखी होते.
३. मीठ अखेरीस घालावे. आधी घातल्यास पाणी एकदम सुटते.
४. कोणतीही अळिंबी कच्ची खाऊ नये. प्रथमच खाणाऱ्याने थोड्या प्रमाणात खाऊन पाहावी, कारण काहींस खाद्य जातीही सोसत नाहीत.
५. शिजविलेली भाजी त्याच दिवशी संपवावी.

काही पाककृती (४ माणसांसाठी)

धिंगरीचे सुके. साहित्य : धिंगरी २५० ग्रॅम, कांदे २, लसणाच्या पाकळ्या ६, घरचा मसाला १ चमचा, हळद पाव चमचा, आमसुले २, ओले खोबरे अर्धी वाटी, तेल २ चमचे, मीठ. कृती : चिवट देठ कापून वेगळे ठेवावेत. छत्र्या सुरीने न कापता हातांनी उभ्या फाडाव्यात. निम्म्या तेलावर मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतून बाजूस काढाव्यात. उरलेल्या तेलात लसूण व कांदा तांबूस करून हळद व मसाला घालावा, मग धिंगरी व आमसुले घालून पाच मिनिटे परतावे. शेवटी मीठ व खोबरे घालावे. भाकरीबरोबर चांगले लागते. उरलेले देठ बारीक चिरून, डाळीच्या पिठात भिजवून भजी करावीत.

पेंढा किंवा दुधी अळिंबीचे वाटणाचे कालवण. साहित्य : अळिंबी ३०० ग्रॅम, कांदे २, सुके खोबरे पाऊण वाटी, धने १ चमचा, मिरी ५, लवंगा ३, सुक्या मिरच्या ५, चिंचेचा कोळ १ चमचा, तेल, मीठ. कृती : एक कांदा व खोबरे खरपूस भाजावे, मसाल्याचे जिन्नस थोड्या तेलावर परतावेत व सर्व बारीक वाटावे. पेंढा अळिंबीचे दोन भाग करावेत. दुधी अळिंबी जाड असल्याने तिच्या बोटभर फोडी कराव्यात. दुसरा कांदा परतून त्यावर अळिंबी घालावी, पाणी आटले की वाटण व दोन वाट्या गरम पाणी घालून दहा ते पंधरा मिनिटे शिजवावे. चिंच व मीठ अखेरीस घालावे. श्रावणात मांसाहार वर्ज्य असणाऱ्या घरी हे कालवण विशेष पसंत पडते.

बटन अळिंबी व मटार. बटन अळिंबी २०० ग्रॅम, मटार १ वाटी, टोमॅटो २, कांदा १, आले-लसूण. अळिंबी चिरताच लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढावी, म्हणजे काळी पडत नाही. मटार आधी शिजवून घ्यावेत, कारण अळिंबीस दहा मिनिटे पुरतात. परतलेला कांदा-टोमॅटो, मटार व अळिंबी एकत्र करून रस्सा करावा.

दुधी अळिंबीचे लोणचे. १ किलो अळिंबीच्या फोडी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून निथळाव्यात व फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात. मोहरी, मेथी, हळद, तिखट व सुमारे ९० ग्रॅम मीठ यांचा मसाला लावून, गरम करून थंड केलेले तेल व फोडी बुडतील इतके व्हिनेगर घालावे. अळिंबी स्वतः आंबट नसल्याने व्हिनेगर वगळू नये. केवळ तेलात ठेवलेल्या अळिंबीत प्राणघातक जंतुविष निर्माण होण्याचा संभव असतो. बरणी शीतकपाटात ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावी.

धिंगरीचे पीठ. वाळलेली धिंगरी कुटून चाळावी. माणशी एक चमचा पीठ आमटीत किंवा थालीपिठाच्या भाजणीत घालावे व नीट शिजवावे. पावसाळ्यात भाज्यांची टंचाई असते तेव्हा हे उपयोगी पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावात एक सभा घ्यावी. खोट्या परीक्षांची यादी वाचून दाखवावी व विषबाधेची लक्षणे समजावून सांगावीत. शाळेतील मुलांनी छत्र्या तोंडात घालू नयेत, असे आवर्जून सांगावे. पाऊस सरल्यावर एखाद्या भगिनी मंडळात दोन-तीन वाफ्यांचे प्रात्यक्षिक करावे व त्याच मालाचा पदार्थ तेथेच शिजवून द्यावा. पीक पाहून शेतकरी विचार करतो, परंतु चव घेतल्यावर निर्णय करतो. रानअळिंबी विकणाऱ्या आदिवासी भगिनींचा धंदा बुडावा, असा या प्रचाराचा हेतू नाही. त्यांनाही धिंगरीचे शिक्षण दिल्यास वर्षातील काही आठवड्यांचे उत्पन्न अनेक महिन्यांचे होऊ शकेल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पेंढा अळिंबी व अमानिता यांत कोणते साम्य आहे? त्यामुळे धोका कसा उद्भवतो?
२. अळिंबी खाल्ल्यानंतर उशिरा सुरू होणाऱ्या उलट्या अधिक गंभीर का समजाव्यात?
३. आपल्या गावी उन्हाळ्यात व हिवाळ्यात कोणत्या जाती घेता येतील? कारणे द्या.
४. धिंगरी, पेंढा व दुधी यांपैकी कोणती प्रथम शिजवावी व कोणती मागे ठेवता येईल?
५. आपल्या गावात प्रचलित असलेली अळिंबीची एखादी परीक्षा लिहून ती का अविश्वसनीय आहे ते सांगा.